वय ६८, गाडी वर्षाला जेमतेम ३००० किमी. इन्शुरन्समध्ये काय ठेवावं, काय काढावं?

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. नाशिकला असतो, वय ६८, गाडी बलेनो पेट्रोल २०१९ ची, ११९७ सीसी. रिटायर झाल्यापासून गाडी फार निघत नाही, भाजी, बँक, दवाखाना आणि अधूनमधून सिन्नर नाहीतर त्र्यंबक, बस. आजवर क्लेम केलेला नाही म्हणून एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) ५०% आहे. पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय आणि एजंटने १२,७५१ रुपयांचं कोटेशन पाठवलंय. फोडून लिहितो: ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) एनसीबी वजा जाऊन ३२४०, थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान) ३४१६, झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची झीज न कापणं) २३५०, इंजिन प्रोटेक्ट ६००, टायर ४००, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट वगैरे) ३५०, चावी ३००, रोडसाइड असिस्टन्स १५०, वरून १८% जीएसटी. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ४ लाख १० हजार.

एजंट म्हणतो साठीनंतर कंपन्या रिस्क जास्त धरतात म्हणून प्रीमियम चढतो, आणि या वयात झिरो डेपपासून पुढचे सगळे ॲड-ऑन (जोडीची जादा कव्हरं) घेतलेलेच बरे. शेजारचे म्हणतात नुसतं थर्ड पार्टी काढा, बाकी पैसे पाण्यात. पेन्शन ठरलेली आहे त्यामुळे एकदम साडेबारा हजार जातात तेव्हा जाणवतं, पण नको तिथे हात आखडून उद्या मोठा फटका बसायलाही नको. मुलगा बंगलोरला असतो, सुट्टीत आला की तोही चालवतो. जाणकारांनी सांगावं.

रानवाट
जीएसटी काढलाय ना आता इन्शुरन्सवरचा? सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी होती. एजंटने १८% का लावलाय?

सर्व्हेयर_निवृत्त
रानवाट, तो वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा काढला. मोटरवर १८% तसाच आहे, एजंटने त्यात काही चुकीचं केलेलं नाही.

गोदाकाठी साहेब, माझं आयुष्य मोटर क्लेमच्या सर्व्हेत गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी वयाचं. थर्ड पार्टीचा दर कुठलीच कंपनी ठरवत नाही, तो केंद्र सरकार आयआरडीएआयशी (विमा नियामकाशी) बोलून ठरवतं आणि तो फक्त सीसीवर असतो. जून २०२२ पासून १००० सीसीपर्यंत २०९४, १००० ते १५०० सीसी ३४१६ आणि त्यापुढे ७८९७. म्हणजे तुमचे ३४१६ हे पंचविशीतल्या पोराला पण ३४१६च. इथे एक रुपया कमी होणार नाही आणि वयाचा एक रुपया चढणारही नाही. राहिलं ओन डॅमेज, म्हणजे ओडी. त्याचा जुना टॅरिफ (ठरवून दिलेला दरतक्ता) होता तो गाडीची किंमत, सीसी, गाडीचं वय आणि शहराचा झोन यावर होता, मालकाच्या वयाचा कॉलम त्यात नव्हता. २००७ पासून ओडीचे दर कंपन्यांना मोकळे झाले, आता प्रत्येक जण आपापली सूट देतो, म्हणून त्याच गाडीला दोन कंपन्यांच्या ओडीत बराच फरक पडतो. "साठीनंतर चढतो" असं एजंट म्हणत असेल तर त्याला सांगा कोटेशनमधली ती ओळ दाखव. मला वरच्या आकड्यांत तसं काहीच दिसत नाही, जे चढलंय ते ॲड-ऑनने चढलंय. ४१५० रुपयांचे ॲड-ऑन आहेत, तुमच्या ओडीपेक्षा जास्त.

हडसनकाठ
वयावरून प्रीमियम वाढतो हे इकडे अमेरिकेत बहुतेक राज्यांत खरं आहे, सत्तरीनंतर तर चांगलाच जाणवतो. यूट्यूबवर ज्येष्ठांच्या कार इन्शुरन्सचे जे व्हिडिओ फिरतात ते बरेचसे इकडचे असतात, ते बघून तिकडे गैरसमज होतो असं वाटतं. आमच्या न्यूयॉर्कात डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा मान्यताप्राप्त कोर्स केला की ३ वर्षं १०% सूट मिळते, म्हणून इथले मराठी काका-काकू तो कोर्स करतातच. भारतात त्यातलं काही शोधत बसू नका.

मिरजकर
मी थर्ड पार्टीच काढतो. अल्टो २००८ ची, १५ वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करून घेतली, आता विकायला काढली तर ५०-६० हजार आले तरी खूप. २०९४ अधिक जीएसटी, विषय संपला.

सर्व्हेयर_निवृत्त
मिरजकर, तुमच्या गाडीला तेच बरोबर आहे. पण ४ लाख १० हजारांच्या गाडीला नाही. गोदाकाठींचं ओडी जीएसटी धरून ३८२३ रुपये पडतंय, आणि त्यात चोरी, आग, पूर, झाड पडणं, टोटल लॉस सगळं येतं. थर्ड पार्टी म्हणजे आपण दुसऱ्याचं जे नुकसान करू ते, आपली गाडी चोरीला गेली तर त्यात दमडी नाही. वर्षाला ३८०० वाचवायला ४ लाख उघड्यावर टाकायचे, हे निवृत्त माणसाने तर करूच नये, कारण ती गाडी परत घ्यायला पुन्हा नोकरी नाही. शिवाय एकदा ओडी सोडलं की ९० दिवसांनंतर तुमचा ५०% एनसीबी शून्यावर, आणि पुन्हा घ्यायचं म्हटलं तर गाडीचं इन्स्पेक्शन.

गॅरेजवाला_सातपूर
काका, नाशिककर आहात म्हणून लिहितो. टायर कव्हर आधी काढा. तुमची गाडी चालतच नाही, टायर घासून जाणार नाहीत, उभे राहून कडक होऊन भेगा पडतील, आणि झिजलेल्या किंवा जुनाट टायरला ते कव्हर मिळत नाही, अपघाताने फुटला-फाटला तरच. चावीचं पण तसंच, दुसरी चावी घरात जपून ठेवा आणि ३०० वाचवा. पण रोडसाइडचे १५० ठेवा. आठ-आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसते, आमच्याकडे ज्येष्ठ लोकांचे सकाळी फोन येतात ते याचसाठी. जंप स्टार्टला माणूस घरी येतो, या वयात गाडी ढकलायला उतरायचं नाही.

इंजिन प्रोटेक्ट घर कुठे आहे त्यावर. पुराने गाडी भिजली तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (ओडी अधिक थर्ड पार्टी) पण मिळतं, पण पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारली आणि इंजिनात पाणी खेचलं गेलं तर ते कंपनी धरत नाही, त्यासाठी हे ॲड-ऑन. पुण्यात जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा बऱ्याच जणांना हा फरक कळला.

गोदाकाठी
इंदिरानगरला आहे, उंचावर. पावसाळ्यात गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली की गाडी घेऊन नदीकडे जातच नाही. म्हणजे इंजिन प्रोटेक्ट सोडता येईल. खरा प्रश्न झिरो डेपचा आहे. एजंट म्हणतो वय झालं की गेटला, खांबाला घासणं होतंच, म्हणून झिरो डेप हवंच.

सर्व्हेयर_निवृत्त
हा हिशोब नीट समजून घ्या, इथेच लोकांचे पैसे जातात.

समजा गेटच्या खांबाला मागचा बंपर लागला, बिल झालं ९०००. त्यात बंपर ५०००, पेंटिंग ३०००, मजुरी १०००. झिरो डेप नसेल तर बंपर प्लास्टिक म्हणून निम्मा कापतात, २५०० गेले. पेंटच्या बिलातला २५% भाग मटेरियल धरून त्याच्या निम्मे, म्हणजे ३७५ गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० ची सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम. हातात आले ५१२५. झिरो डेप असेल तर फक्त ती १००० ची वजावट, हातात ८०००. इथपर्यंत एजंट सांगतो.

पुढचं तो सांगत नाही. तो क्लेम केला की एनसीबी शून्य. तुमचं ओडी एनसीबीशिवाय ६४८० आहे. पुढच्या वर्षी ३२४० जास्त भराल. मग २०% वर आलात की १९४४ जास्त, २५% ला १६२०, ३५% ला ९७२, ४५% ला ३२४, तेव्हा कुठे परत ५०% वर पोचाल. बेरीज ८१००, जीएसटी धरून साडेनऊ हजार. आयडीव्ही दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा. म्हणजे झिरो डेप घेऊनही ८००० मिळवण्यासाठी तुम्ही तितकेच परत भरताय, आणि झिरो डेपचे २३५० वर. खांबाला घासण्यासाठी झिरो डेप हा युक्तिवाद ५०% एनसीबी असलेल्या माणसाला लागूच पडत नाही. असलं काम खिशातून करून टाकायचं.

रानवाट
पण मोठा अपघात झाला तर? फक्त खांबाचा हिशोब करून कसं चालेल. माझ्या सासऱ्यांची गाडी कसारा घाटात समोरून लागली, बंपर, दोन्ही हेडलॅम्प, रेडिएटर, बॉनेट, फेंडर. झिरो डेप होतं म्हणून निभावलं. प्लास्टिकवर ५०% आणि पाच वर्षांपुढच्या गाडीच्या पत्र्यावर ४०% कापतात, लाखाच्या बिलात ३५-४० हजार अंगावर आले असते. मी तर म्हणेन बाकी सगळं काढा पण झिरो डेप ठेवा, विशेषतः ज्येष्ठांनी, कारण गॅरेजशी आणि सर्व्हेयरशी भांडायची ताकद नसते तेव्हा बिल सरळ सुटलेलं बरं.

सर्व्हेयर_निवृत्त
तुमचं म्हणणं मान्य आहे आणि मी विरोधात नाही. विमा मोठ्या फटक्यासाठीच असतो. प्रश्न इतकाच की झिरो डेप जीएसटीसह २७७३ रुपये दरवर्षी. जो रोज मुंबई-नाशिक करतो त्याने डोळे झाकून घ्यावं. जो वर्षाला ३००० किमी गावातल्या गावात ४० च्या स्पीडने चालवतो त्याने स्वतःला विचारावं, वेळ आली तर ३५-४० हजार कर्ज न काढता उभे राहतील का. राहत असतील तर सोडा. नसतील तर ठेवा आणि बाकीचं काढा. आणि घ्यायचंच तर वर्षाला किती क्लेमपर्यंत आहे ते वाचा, बऱ्याच ठिकाणी दोनच असतात.

तुम्ही छोटे क्लेम करणारच नसाल तर ऐच्छिक वजावट घ्या. जुन्या टॅरिफमध्ये २५०० च्या वजावटीला ओडीवर २०%, जास्तीत जास्त ७५० सूट होती, आता कंपन्या आपापली देतात. जो क्लेम करायचाच नाही त्याचे पैसे का भरायचे. १५,००० ची वजावट मात्र कुणी गळ्यात मारली तर नको, सूट त्या मानाने फार वाढत नाही.

चाकोरीबाहेर
पे ॲज यू ड्राइव्ह बघितलं का कोणी? जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने परवानगी दिली, किलोमीटरचा स्लॅब घ्यायचा आणि ओडी कमी होतं. ३००० किमीवाल्या माणसासाठीच आहे ते.

गॅरेजवाला_सातपूर
आमच्याकडे दोन-तीन कस्टमरकडे आहे. सुरुवातीला ओडोमीटरचा फोटो द्यावा लागतो. काकांचं ३००० होत असेल तर अगदी काठावरचा स्लॅब घेऊ नका, मुलगा आला आणि गाडी कोकणात नेली की संपलं. स्लॅबच्या पुढे गेल्यावर काय होतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे, टॉपअप घेता येतो का ते आधी विचारा. थर्ड पार्टी चालूच राहतं, अडतं ते ओडीचं.

शुभदा_कोथरूड
धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. माझं वय ७१. मिस्टर दोन महिन्यांपूर्वी गेले. गाडी आणि पॉलिसी दोन्ही त्यांच्या नावावर आहे. मी स्वतः गाडी चालवते, लायसन्स आहे. पॉलिसी संपायला अजून पाच महिने आहेत तर तोपर्यंत चालेल ना? भाचा म्हणतो संपल्यावर नवीन काढताना माझ्या नावावर करू. त्यांचा एनसीबी ५०% होता तो गेला का मग?

सर्व्हेयर_निवृत्त
शुभदाताई, वाईट वाटलं वाचून. पण हे काम पाच महिन्यांवर टाकू नका, याच आठवड्यात हातात घ्या. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालते. तुमचे दोन महिने गेलेत. त्या तीन महिन्यांत वारसाने कंपनीला लेखी कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची, सोबत मृत्यूचा दाखला, आरसी आणि मूळ पॉलिसी. आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर होते, तिथेही मुदत तीन महिन्यांचीच आहे. दोन्ही एकदम सुरू करा.

आणि एनसीबी गेला नाही. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, विकताना म्हणूनच तो गाडीबरोबर जात नाही. पण मालकाच्या मृत्यूनंतर गाडी बायको, मुलं किंवा आई-वडिलांकडे गेली तर एनसीबी त्यांना मिळतो अशी स्पष्ट तरतूद आहे. अर्जात तसं लिहा. काउंटरवर नाही म्हणाले तर लेखी उत्तर मागा.

शुभदा_कोथरूड
खूप आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच भाच्याला घेऊन जाते.

रानवाट
गोदाकाठी काका, तुमच्या कोटेशनमध्ये ओनर-ड्रायव्हरच्या पीए (वैयक्तिक अपघात) कव्हरची ओळच नाहीये. १५ लाखांचं ते सक्तीचं असतं ना?

गोदाकाठी
बरं झालं दाखवलंत. एजंटला फोन केला, तो म्हणाला माझी पीएची वेगळी पॉलिसी आहे असं मागच्या रेकॉर्डवर आहे म्हणून काढलं. ती बँकेतून घेतलेली होती, नोकरीत असताना.

सर्व्हेयर_निवृत्त
ती पॉलिसी आजच काढून बघा. वेगळ्या पीए पॉलिसींना बऱ्याचदा वयाची वरची मर्यादा असते, ६५ किंवा ७०, आणि नोकरीला जोडलेली असेल तर रिटायरमेंटबरोबर संपलेली पण असते. चालू नसेल तर गाडीच्या पॉलिसीत १५ लाखांचं घ्या. चारशे रुपयांच्या आसपासची गोष्ट आहे. याच ओळीत एजंट लोक प्रीमियम कमी दाखवतात आणि मागे राहणाऱ्या बाईमाणसाचं नुकसान होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. नॉमिनीचं नाव नीट लिहा. आणि हे कव्हर फक्त मालकाला आहे. वहिनी शेजारी बसतात त्यांच्यासाठी अननेम्ड पॅसेंजर पीए वेगळं, माणशी २ लाखांपर्यंत मिळतं, स्वस्त आहे.

मुलाची काळजी नको. लायसन्स असलेला कोणीही तुमच्या परवानगीने चालवत असेल तर पॉलिसी चालते. लांबच्या प्रवासाला पगारी ड्रायव्हर घेता का? घेत असाल तर पेड ड्रायव्हरच्या लीगल लायबिलिटीचे ५० रुपये भरा, सांगितल्याशिवाय एजंट टाकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं लायसन्स कधीपर्यंत आहे?

गोदाकाठी
बघतो. कार्ड पाकिटात आहे... पुढच्या मार्चपर्यंत.

सर्व्हेयर_निवृत्त
म्हणजे नव्या पॉलिसीच्या मध्यातच संपतंय. पंचावन्नच्या पुढे रिन्यू केलं की ५ वर्षंच मिळतात, म्हणून ज्येष्ठांचं लायसन्स लक्षात न येता संपतं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, सारथी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन, सोबत डॉक्टरचं फॉर्म १ए. मार्चची वाट बघू नका. संपल्यावरही वर्षभरात टेस्ट न देता रिन्यू होतं म्हणून लोक निवांत राहतात, पण त्या मधल्या काळात अपघात झाला तर त्या दिवशी लायसन्स चालू नव्हतं या एका कारणावर ओडीचा क्लेम नाकारतात. सगळे ॲड-ऑन घेतलेल्या, वर्षानुवर्षं प्रीमियम भरलेल्या लोकांचे क्लेम यावर गेलेले बघितलेत. डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू असेल तर तो आधी.

मिरजकर
हे मलाही लागू. माझं बघतो.

चाकोरीबाहेर
ऑनलाइन बघितलं तर एका कंपनीचं ६२०० दिसतंय याच गाडीला. एजंट कशाला?

सर्व्हेयर_निवृत्त
आयडीव्ही किती धरलीय ते बघा.

चाकोरीबाहेर
३ लाख १५ हजार.

सर्व्हेयर_निवृत्त
बघा म्हणजे. गाडी चोरीला गेली तर ९५ हजार कमी मिळणार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५% च्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, तो उंबरठा पण खाली येतो. तुलना करताना आयडीव्ही सारखी ठेवा, वजावट सारखी ठेवा, मग ओडीची ओळ बघा. ऑनलाइन घेतलं तर एनसीबी आणि मागचे क्लेम खरे टाका. क्लेम झालेला असताना ५०% एनसीबी लावून पॉलिसी स्वस्त करून देणारे आहेत, मागच्या कंपनीकडून रेकॉर्ड आलं की क्लेमच्या वेळी ते उघडं पडतं.

आणि घराजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये गाडी जाते तिथे विचारून घ्या कोणत्या कंपनीचं कॅशलेस चालतं. ५००-७०० रुपये जास्त पडले तरी चालेल. आधी बिल भरा मग पैसे येतील, हे या वयात फार त्रासाचं होतं.

गॅरेजवाला_सातपूर
यावर शंभर टक्के सहमत.

गोदाकाठी
मंडळी, झालं काम. पीएची जुनी पॉलिसी खरंच ६५ ला संपलेली निघाली. आयडीव्ही ४ लाख १० हजारच ठेवली, २५०० ची ऐच्छिक वजावट घेतली, वर्कशॉपमध्ये कॅशलेस चालणारी दुसरी कंपनी बघितली, तिथे ओडी २७१० आलं. थर्ड पार्टी आणि रोडसाइड धरून जीएसटीसह ७४०६, त्यावर १५ लाखांचं पीए, सौ.साठी पॅसेंजर पीए आणि ड्रायव्हरचे ५० घेऊनही साडेआठ हजारांच्या आत बसलं. झिरो डेप नाही घेतलं, त्यासाठी ४० हजारांची एक एफडी बाजूला ठेवलीय. पे ॲज यू ड्राइव्ह पुढच्या वर्षी बघेन, मुलाची बदली नाशिकला व्हायची शक्यता आहे त्यामुळे किमीचा भरवसा नाही. लायसन्सचा अर्ज केला, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ शुक्रवारची आहे.

रानवाट
उत्तम. झिरो डेपबद्दल माझं मत अजून तेच आहे काका, पण एफडी ठेवलीत ते पटलं.

शुभदा_कोथरूड
माझंही कळवते. कंपनीच्या ऑफिसात आधी म्हणाले एनसीबी मिळणार नाही, नवीन मालक म्हणून शून्यापासून. लेखी द्या म्हटल्यावर आतून दुसरे साहेब आले आणि अर्ज घेतला, पोच पण दिली. आता समजा नंतर नाकारलंच तर काय करायचं?

सर्व्हेयर_निवृत्त
ताई, पोच सांभाळून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, ३० दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, पुण्यातच ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, वर्षभराच्या आत अर्ज करायचा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते, १५५२५५ ला फोन करून पण. फॉर्म ३१ चं आरटीओत झालं का?

शुभदा_कोथरूड
सोमवारी जातोय. मूळ आरसी, दाखला, माझं आधार आणि मुलांचं ना हरकत पत्र घेतलंय.